पहिला टाय घेताना: सुरुवात कॉलरपासून

टाय शेवटी निवडायचा असतो. आधी सूट किंवा पँट, मग शर्ट, आणि त्या शर्टाची कॉलर बघून मग टाय. नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर मात्र बहुतेकदा उलटं घडताना दिसतं. काचेमागचा चमकदार टाय नजरेत भरतो, सोबतचा मित्र "एकदम भारी दिसून राहिला बे" म्हणतो, टाय पिशवीत पडतो आणि मग त्याला साजेसा शर्ट शोधत मुलगा पार गांधीबागेपर्यंत जातो. तोवर मुलाखत परवावर आलेली असते.

हे सगळं त्या मुलासाठी लिहितो आहे. घरात त्याच्या आधी कुणी टाय बांधलेला नाही. शाळेतला टाय इलॅस्टिकचा होता, त्यामुळे गाठ मारायची वेळच आली नाही. "आपल्या हवेत कशाला पाहिजे तो साहेबी थाट" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. मला ते पटत नाही. नागपुरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर सूट-टायमधले बाबासाहेब आहेत. शिकलेल्या, ताठ मानेनं उभ्या असलेल्या माणसाचा पोशाख म्हणून या शहरानं टाय पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. म्हणून तो बांधायचा तर नीट बांधावा, एवढाच माझा आग्रह आहे.

आधी गळा मोजा

आपल्याकडे तयार फॉर्मल शर्टावर ३८, ३९, ४०, ४२ असे आकडे असतात. हे आकडे कॉलरच्या घेराचे, सेंटिमीटरमध्ये. शिंप्याच्या टेपनं गळ्याभोवती, कंठाच्या जरा खाली माप घ्या आणि टेपच्या आत एक बोट राहू द्या. तो आकडा तुमचा. वरचं बटण लावल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत, त्याहून जास्त नाही. कॉलर ढगळ असली तर टाय आवळला की कापड गोळा होतं. घट्ट असली तर तासाभरात बोट कॉलरमध्ये घालून ओढायची सवय लागते आणि गाठ खाली सरकते. टाय वाईट दिसतो अशी तक्रार असते, तेव्हा दोष बहुतेक वेळा टायचा नसतोच, कॉलरचा असतो.

कॉलरचा आकारही बघा. दोन टोकांमधलं अंतर मध्यम असलेली साधी कॉलर पहिल्या शर्टाला उत्तम. टोकं खूप फाकलेली असतील तर त्या रिकाम्या जागेत जाड गाठ लागते. टोकं जवळजवळ आणि खाली वळलेली असतील तर बारीक गाठ. टोकांना बटणं असलेली कॉलर ब्लेझर आणि सुती पँटवर चालते, सूटवर तिचा उपयोग कमी. चायनीज कॉलर, बंदगळा, नेहरू जॅकेट यांच्यावर टाय नाही. अर्ध्या बाह्यांच्या शर्टावरही नको. कंपनीचा गणवेशच तसा असेल तर इलाज नाही, पण स्वतःच्या पैशानं घेताना पूर्ण बाह्यांचाच शर्ट घ्या.

पहिला शर्ट पांढरा, दुसरा फिकट आकाशी. दोन्ही सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेले. या दोन शर्टांवर जवळपास कुठलाही गडद टाय बसतो, म्हणून पुढचं सगळं काम सोपं होतं.

रंग कसा जुळवायचा

एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करा: टाय शर्टापेक्षा गडद असावा. पांढऱ्या शर्टावर नेव्ही ब्लू, मरून, बॉटल ग्रीन, गडद राखाडी. आकाशी शर्टावर नेव्ही आणि मरून तर अप्रतिम दिसतातच, गडद तपकिरीही छान दिसतो. गडद शर्टावर फिकट टाय ही जोडी पडद्यावर शोभते. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्यांना तुमच्या चेहऱ्याआधी टाय दिसतो आणि ते आपल्याला नको आहे.

मग सूट. नेव्ही सूट असेल तर पांढरा शर्ट आणि मरून टाय, ही जोडी कुठेही चुकत नाही. गडद राखाडी सूटवर नेव्ही किंवा जांभळट मरून. फिकट राखाडी सूट दिवसाचा आहे, त्यावर नेव्ही किंवा बॉटल ग्रीन. आपल्याकडे लग्नात काळा सूट शिवायची फार हौस आहे, आणि मग तोच मुलाखतीला घातला जातो. हरकत नाही, पण त्यावर शर्ट पांढराच ठेवा आणि टाय गडद मरून किंवा चंदेरी राखाडी. काळ्या सूटवर काळा शर्ट आणि वर लाल टाय, ही जोडी कृपया मनातून काढून टाका.

सूट नसेल तरी बिघडत नाही. राखाडी किंवा नेव्ही फॉर्मल पँट, पांढरा शर्ट, गडद टाय, आणि बूट-बेल्ट एकाच रंगाचे. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला हे पुरेसं आहे. उसन्या, खांद्यावरून उतरणाऱ्या कोटापेक्षा हे शंभर पटींनी बरं दिसतं.

दुकानात शर्ट, टाय आणि रुमाल एकाच कापडाचा असा डब्यातला सेट मिळतो. भेट म्हणूनही हमखास येतो. त्यातला शर्ट वापरा, टायही वापरा, पण एकमेकांवर नको. टाय आणि खिशातला रुमाल एकाच कापडाचे असले की गणवेशासारखं दिसतं. रुमाल ठेवायचाच असेल तर साधा पांढरा ठेवा.

नक्षीचं गणित

पहिला टाय साधा घ्या, बिनानक्षीचा. दुसरा बारीक ठिपक्यांचा किंवा तिरक्या पट्ट्यांचा. नक्षीत एकच गोष्ट सांभाळायची: शर्टावर आणि टायवर नक्षी सारख्या आकाराची नको. शर्टावर बारीक रेषा असतील तर टायवर रुंद पट्टे. शर्टावर मोठ्या चौकटी असतील तर टायवर बारीक ठिपके, नाहीतर सरळ साधा टाय. दोन्ही नक्षी सारख्याच बारीक असल्या की समोरच्याच्या डोळ्यांसमोर कापड हलल्यासारखं होतं, आणि व्हिडिओ कॉलवर तर ते फारच जाणवतं.

कोयरीची नक्षी आपल्या ओळखीची. शालीवर, साडीवर आपण ती लहानपणापासून बघतो, आणि टायवरही ती सुरेख दिसते. मात्र कोयरीचा टाय समारंभाचा. बँकेच्या मुलाखतीला नको, मित्राच्या रिसेप्शनला जरूर. पट्ट्यांबद्दल परदेशी जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ब्रिटनमध्ये ठरावीक रंगांच्या तिरक्या पट्ट्यांचे टाय ठरावीक पलटणींचे, शाळांचे आणि क्लबांचे असतात. तिथे साधा किंवा ठिपक्यांचा टाय जास्त सुरक्षित.

दुकानात काय तपासायचं

घरून निघतानाच शर्ट पिशवीत घ्या. कोट असेल तर तोही. फोटो दाखवून रंग जुळत नाही, आणि दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली नेव्ही आणि काळा यांतला फरक कळतच नाही. "जरा दाराशी उजेडात बघू का?" असं विचारा. बर्डी असो, सदर असो की धरमपेठ, कुणी नाही म्हणणार नाही.

रुंदी बघा. टायचा सगळ्यात रुंद भाग साडेसात ते साडेआठ सेंटिमीटर असला की तो बहुतेकांना शोभतो. कोटाची कॉलर (लॅपल) छातीवर जिथे सर्वांत रुंद होते, तिथली रुंदी आणि टायची रुंदी साधारण सारखी हवी. रुंद लॅपलवर पाच सेंटिमीटरचा बारीक टाय दोरीसारखा दिसतो. अंगानं भरलेल्या माणसानं तर बारीक टाय टाळावाच.

मग टायचं बारीक टोक बोटात धरून तो हवेत लोंबता सोडा. सरळ लोंबला तर चांगला. पीळ पडून फिरायला लागला तर कापड नीट कापलेलं नाही. चांगल्या टायचं कापड ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, ४५ अंशांच्या तिरकस कोनात कापून तीन तुकड्यांत जोडतात. ही पद्धत १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी रूढ केली, आणि तेव्हापासून टाय गाठ सोडल्यावर पुन्हा सरळ होऊ लागला. उभ्या धाग्यात कापलेला टाय चार वेळा बांधला की वाकडा होतो, तो मग कितीही इस्त्री करा.

आता टाय उलटा करा. रुंद टोकाकडे मागची शिवण जिथे संपते, तिथे एक आडवा, घट्ट टाका असतो. तो असलाच पाहिजे. मागचा बारीक पट्टाही बघा, ज्यात शेपटाचं टोक अडकवतात. मग टाय मुठीत दाबून सोडा. आतली लोकरीची पट्टी चांगली असेल तर सुरकुत्या हळूहळू मोकळ्या होतात. कडक पुठ्ठ्यासारखा लागला तर गाठ सुंदर बसणार नाही.

शेवटी दुकानातच एकदा बांधून बघा. झिपवाला, तयार गाठीचा टाय घेऊ नका. त्याची गाठ नेहमी एकसारखी फुगलेली असते आणि झिप जवळून दिसते. गाठ शिकायला एक संध्याकाळ पुरते.

नागपूरच्या उन्हात कुठलं कापड

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो. एकच टाय वर्षभर वापरायचा असेल तर मध्यम वजनाचा रेशमी घ्या. रेशमाची गाठ छान धरते, रंगाला खोली असते. खिशाला परवडत नसेल तर मॅट दिसणारा, बारीक विणीचा पॉलिस्टरचा टाय घ्या. काही शे रुपयांत चांगला मिळतो आणि पहिल्या वर्षाला पुरतो. साटिनसारखा चकाकणारा मात्र नको. लोकरीचा टाय थंडीतल्या ब्लेझरवर फार देखणा दिसतो, पण आपल्याकडे त्याला दोनच महिने काम आहे. उन्हाळ्यात सुती किंवा लिननचा. सुरकुत्या पडतील, पडू द्या.

आणि आपल्या शेजारचं एक कापड आहे, त्याकडे कुणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं. भंडारा जिल्ह्यात विणलं जाणारं टसर, आपण ज्याला कोसा म्हणतो ते. त्याचा मधासारखा नैसर्गिक रंग, किंचित खरबरीत पोत, आणि चकाकी नसूनही असलेली झळाळी. नेव्ही कोट आणि पांढऱ्या शर्टावर कोशाचा टाय इतका सुरेख दिसतो की लोक थांबून विचारतात. तयार मिळाला नाही तर कापड घेऊन टाय शिवणारा कारागीर शोधा, आणि कापड तिरकस कापायला बजावून सांगा. हा टाय शर्टापेक्षा गडद असण्याचा नियम थोडा वाकवतो, म्हणून तो पांढऱ्या शर्टावरच घाला.

दुचाकीवरून जाणाऱ्यांनी टाय घरून बांधून निघू नये. वर्धा रोडनं मिहानपर्यंत जाताना तो खांद्यावरून मागे उडतो, हेल्मेटच्या पट्ट्याखाली गाठ चेपते आणि कॉलर घामानं ओली होते. टाय गुंडाळी करून बॅगेत ठेवा, पोचल्यावर तोंड धुवा, मान कोरडी करा आणि मग बांधा. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या फेऱ्या मारणाऱ्या एमआर मंडळींकडून, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून, हे शिकण्यासारखं आहे. दिवसभर उन्हात फिरूनही डॉक्टरांसमोर जाताना त्यांची गाठ जागेवर असते.

गाठ: हळूहळू, आरशासमोर

सगळ्यांत आधी शिकायची ती साधी चार फेऱ्यांची गाठ. इंग्रजीत तिला फोर-इन-हँड म्हणतात. ती थोडी तिरकी बसते आणि तीच तिची शोभा.

कॉलर उभी करा, वरचं बटण लावा. टाय गळ्याभोवती घ्या, रुंद बाजू उजवीकडे आणि बरीच खाली, बारीक टोक बेंबीच्या थोडं वर. आता रुंद बाजू बारीक बाजूवरून डावीकडे न्या. मग बारीक बाजूच्या खालून परत उजवीकडे. पुन्हा समोरून डावीकडे, म्हणजे समोर एक आडवा पट्टा तयार होतो. रुंद टोक गळ्याजवळच्या फटीतून खालून वर काढा. आता ते त्या समोरच्या आडव्या पट्ट्याच्या आतून खाली ओढा. बारीक बाजू एका हातानं धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं गाठ वर सरकवा.

घट्ट करण्याआधी गाठीच्या अगदी खाली, मधोमध तर्जनीनं कापड आत दाबा आणि दोन्ही कडा चिमटीत धरून ओढा. तिथे एक खळी पडते. ही खळी असली की दोनशे रुपयांचा टायसुद्धा रुबाबदार दिसतो. रोज एकदा सराव केला तर आठवड्यात ती आपोआप पडायला लागते.

कॉलर जरा फाकलेली असेल किंवा टाय पातळ असेल तर हाफ विंडसर. सुरुवात तीच: रुंद बाजू वरून डावीकडे, खालून उजवीकडे. आता रुंद टोक समोरून वर नेऊन गळ्याच्या फटीत वरून खाली घाला आणि डावीकडे काढा. मग समोरून उजवीकडे, खालून वर फटीतून, आणि समोरच्या पट्ट्यातून खाली. ही गाठ त्रिकोणी, भरीव आणि सरळ बसते. फुल विंडसर अजून जाड असते. अरुंद कॉलरमध्ये आणि लहान चणीच्या माणसाला ती शोभत नाही, म्हणून तिची घाई नको.

लांबी तपासा. सरळ उभं राहिल्यावर टायचं टोक बेल्टच्या बकलला टेकलं पाहिजे. पोटाच्या वर संपणारा टाय आणि चेनपर्यंत लोंबणारा टाय, दोन्ही वाईट. बाजारातला टाय साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर लांब असतो. उंची कमी असेल तर हाफ विंडसर बांधा, तिच्यात जास्त कापड जातं, आणि उरलेलं शेपूट मागच्या पट्ट्यात अडकवा. उंच असाल तर साधी गाठच बांधा. टोक चुकलं तर ओढाताण करू नका, सोडून पुन्हा बांधा. पहिल्या काही दिवसांत प्रत्येकाला दोन-तीनदा बांधावं लागतं.

टाय पिन वापरायची असेल तर ती शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये, आडवी, टाय आणि शर्टाची बटणपट्टी दोन्ही पकडून. पिन टायच्या रुंदीपेक्षा लांब नको. वेस्टकोट घातला असेल तर पिनेची गरजच नाही, आणि टायचं टोक वेस्टकोटच्या खालून डोकावता कामा नये.

कुठे काय

कॅम्पस मुलाखत, बँक, विक्रीची नोकरी: पांढरा किंवा आकाशी शर्ट आणि साधा गडद टाय. यापलीकडे विचारच करू नका.

वकिलीत येणाऱ्यांसाठी नियम ठरलेला आहे. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, तसंच जिल्हा आणि सत्र न्यायालयात गळ्याला पांढरे बँड लागतात. त्यांच्या खालच्या न्यायालयांत बँडऐवजी काळा टाय चालतो, अशी बार कौन्सिलच्या नियमांत तरतूद आहे. तिथे रंगाचा प्रश्नच उरत नाही, तेव्हा निदान काळा टाय साधा आणि मॅट घ्या.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि रिसेप्शनचा सूट शिवायला टाकला जातो. तेव्हा घरातून एकच मागणी येते: टाय साडीला मॅचिंग पाहिजे. नवरीचा शालू राणी रंगाचा आणि नवरदेवाचा टाय त्याच राणी रंगाचा, हे स्टेजवर फार अंगावर येतं. त्यापेक्षा साडीचा पदर हातात घ्या आणि काठात किंवा बुट्टीत तिसरा, बारीक रंग कोणता आहे ते बघा. मोरपंखी, जांभळा, गडद हिरवा, काहीतरी असतंच. तो रंग टायला घ्या. जोडी एकमेकांची दिसते आणि फोटोत दोघंही वेगवेगळे उठून दिसतात. हे आईला आणि होणाऱ्या सासूबाईंना आधीच समजावून ठेवा, कपडा दाखवून सांगितलं की त्यांना लगेच पटतं.

घरी आल्यावर

टाय सैल करून डोक्यावरून काढू नका आणि गाठ तशीच ठेवून खुंटीला तर मुळीच टांगू नका. ज्या क्रमानं बांधला त्याच्या उलट क्रमानं पूर्ण सोडा. बारीक टोक ओढून गाठ झटकन सोडवली तर आतले टाके तुटतात. घामाचा टाय लगेच कपाटात जाऊ देऊ नका, रात्रभर पंख्याखाली मोकळा टांगा, आणि तोच टाय दुसऱ्या दिवशी नको. दोन टाय आलटून पालटून वापरले तर दोन्ही कितीतरी वर्षं टिकतात.

रेशमी टाय पाण्यात धुवायचा नाही. तर्रीचा थेंब पडला तर चोळू नका. कोऱ्या कापडानं टिपा, वर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झटका. तरीही राहिला तर ड्रायक्लीनिंग. सावजी जेवायला बसण्याआधी टाय काढून खिशात ठेवणं सगळ्यांत शहाणपणाचं. इस्त्री थेट लावू नका, कापड चपटं होऊन कडा चमकायला लागतात. गरम पाण्याची वाफ असलेल्या न्हाणीघरात थोडा वेळ टांगला की सुरकुत्या जातात. पावसाळ्यात कपाटात दमट वास येतो, तेव्हा टाय महिन्यातून एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्या, उन्हात नको, रंग उडतो. स्वेटरसारखा विणलेला टाय मात्र टांगायचा नाही, स्वतःच्या वजनानं तो लांबतो. तो गुंडाळी करून खणात ठेवा.